पेटी बंद केली की खरं ऐकू येतं

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेसेज वाचताना लक्षात आलं की शाळेतल्या बाई, क्लास चालवणारे, पालक, अगदी साठी ओलांडलेले एक काका, अशा सगळ्यांनी फिरून फिरून एकच विचारलंय, की शिकवलेलं गाणं-बजावणं मुलांपर्यंत पोचलं का हे तास संपायच्या आत ओळखायचं कसं. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरला असतात, तोपर्यंत वाट बघितली तर फार उशीर होतो. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला देऊन टाकतेय.

प्रश्न: ताई नमस्कार. मी नाशिकच्या सिडको भागातल्या एका मराठी शाळेत पाचवी ते आठवीला संगीत शिकवते. तास ३५ मिनिटांचा, वर्गात ५२ मुलं, आठवड्याला दोन तास. भूप रागाची सरगम पूर्ण वर्ग इतकी छान म्हणतो की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून जातात. पण तोंडी परीक्षेला एकेकाला उभं केलं की निम्म्या मुलांना सा सुद्धा लावता येत नाही. शेवटी मी "समजलं का?" विचारते तेव्हा मात्र सगळे "हो बाई" म्हणतात. माझं चुकतंय कुठे, आणि ५२ जणांना एकेकटं ऐकायला वेळ आणू कुठून?

उत्तर: "समजलं का" ला "हो बाई" हे उत्तर नसतं, ती सवय असते, घंटा व्हायला आलेली असते, पुढच्या तासाचे सर दारात उभे असतात आणि मुलांना माहितीये की हो म्हटलं की सुटका. त्यामुळे तो प्रश्न आधी बंदच करून टाका.

आता खरं कारण. तुम्ही पेटीवर सरगम वाजवता आणि मुलं त्याबरोबर म्हणतात, तेव्हा पुढचा सूर कोणता हे पेटी सांगत असते, मुलाला तो आठवावा लागत नाही. शिवाय वर्गात चार-पाच पक्की मुलं असतातच, बाकीची त्यांच्यामागे अगदी किंचित उशिरा जातात, इतकं किंचित की तुम्हाला समोरून एकच आवाज ऐकू येतो. हे मुलं फसवतायत असं अजिबात नाही, घोळक्यात गाताना सगळ्यांचंच असं होतं, भजनी मंडळात सुद्धा होतं.

आणि हा प्रश्न वर्ग आले तेव्हापासूनचाच आहे असं मला वाटतं. गुरूसमोर एकच शिष्य बसायचा तेव्हा गुरूने एक जागा, म्हणजे सुरांचं एखादं छोटं वळण, घेतली की शिष्याने ती लगेच परत करायची, आली नाही तर तिथेच परत, म्हणजे प्रत्येक मिनिटाला तपासणी चालूच होती, तिला वेगळं नाव द्यायची गरज नव्हती. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीत वर्गात बसून, पुस्तक घेऊन, अभ्यासक्रम लावून शिकायची वाट सर्वसामान्य घरातल्या मुलांना मोकळी झाली. फार मोठं काम आहे ते, आणि पुढे याच पंडितजींनी आपल्या नाशकात रामनाम आधार आश्रम काढला, त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली नाशकातच जन्मले, त्यामुळे आपल्याला तर या परंपरेचं जास्तच जवळचं वाटायला हवं. पण एकाच्या जागी पन्नास जण समोर आले की जागा घेतली आणि परत आली हे ऐकायची सोय जाते, ती आपल्याला मुद्दाम परत आणावी लागते, आणि शेवटची पाच मिनिटं त्यासाठीच राखून ठेवायची. घंटा झाल्यावरची नाही बरं का, घंटेच्या आधीची. म्हणजे ३५ मधल्या ३० व्या मिनिटाला नवीन शिकवणं थांबवायचं, कितीही रंगात आलं असलं तरी.

त्या पाच मिनिटांत पहिली गोष्ट, पेटी बंद. वर्ग सरगम म्हणत असतानाच मधे हात उचला आणि त्यांना पुढे म्हणू द्या. दोन आवर्तनं झाली, शेवटच्या सा वर आली की त्यांना तो सा धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही पेटीवर सा दाबा. बहुतेक वेळा वर्ग थोडा खाली सरकलेला असतो. किती सरकला, तेवढं तुमचं आजचं उत्तर. मुलांना पण ते ऐकू येतं आणि दोन-तीन आठवड्यांत ती स्वतःच "आज नाही उतरलो बाई" असं सांगायला लागतात.

दुसरी गोष्ट, डोळे मिटून हात वर. मुलांना डोळे मिटायला सांगायचे आणि तुम्ही भूपचे छोटे छोटे तुकडे म्हणायचे, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा असे, आणि मधेच एखाद्या तुकड्यात भूपात नसलेला म घालायचा, ग म ग रे. जिथे भूप मोडला असं वाटेल तिथे हात वर. डोळे मिटलेले असल्याने शेजाऱ्याचं बघून हात वर जात नाही, आणि तुम्हाला एका नजरेत ५२ जणांचं कळतं. पहिल्यांदा करताना म जरा ठळक म्हणा, पुढच्या वेळी हळूच सरकवून द्या. यात एक महत्त्वाचं म्हणजे गाता न येणारं मूल पण यात बरोबर असू शकतं, आणि ते कळणं फार गरजेचं आहे, का ते खाली सांगते.

तिसरी, एकेकटं ऐकणं. ५२ जणांचं आज ऐकायचं नाहीच, आज फक्त सहा जण. प्रत्येकाला फक्त एक तुकडा, पाच-सहा सुरांचा, तुम्ही एकदा म्हणायचा, त्याने एकदा परत करायचा, वीस सेकंदांत होतं. आठवड्याला दोन तास म्हणजे बारा मुलं, साडेचार आठवड्यांत पूर्ण वर्ग ऐकून होतो. सहा जण रोज एकाच ओळीतले घेऊ नका, नाहीतर बाकीच्या ओळी निर्धास्त होतात. हजेरीच्या मागच्या पानावर नावापुढे फक्त खूण करा, सूर आला तर बरोबरची खूण, जवळ आला तर टिंब, नाही आला तर गोल. मार्क नाहीत.

गोल आला म्हणून लगेच बेसूर म्हणून मोकळं होऊ नका हे मला कळकळीने सांगायचंय. पुष्कळ मुलं सा लाव म्हटलं की प लावतात, आणि तो प अगदी सुरात असतो. म्हणजे त्या मुलाच्या कानात नातं आहे, फक्त तुमची पट्टी, म्हणजे तुम्ही ज्या उंचीवर सा धरलाय ती, त्याच्या गळ्याला झेपत नाहीये. काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) लागत नसेल तर खालच्या पट्टीत घेऊन बघा, पटकन लागतो. आठवीतल्या मुलांचं तर आवाज फुटायचं वय, त्यांना त्या दिवसांत पट्टी सापडतच नाही, ती लाजतात आणि गप्प बसतात आणि आपण म्हणतो लक्ष नाही. त्यांना खालच्या सप्तकात गुणगुणू द्या किंवा हातावर ताल धरायला सांगा, पण त्यांच्याकडून काहीतरी घ्या, मोकळं सोडू नका.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतेय त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, पावसाळा होता, वर्ग पत्र्याचा, आणि सर अशी जोरात आली की पेटी मलाच ऐकू येईना. मग पेटी सोडून मी बाकांमधून फिरत एकेकाच्या जवळ कान नेऊन ऐकायला लागले. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, तोंड बरोबर हलतंय, शब्द बरोबर, आणि आवाज शून्य. मी पूर्ण सहा महिने तिला शिकवत होते आणि मला पत्ता नव्हता. नंतर हळूहळू तिच्याकडून कळलं, आधी कुठल्यातरी स्नेहसंमेलनात कोणीतरी तिला सांगितलं होतं की तू नुसते ओठ हलव, तेव्हापासून ती नुसते ओठ हलवत होती. पण त्याच वेळी मी तिचा हात बघितला, बाकावर तीनतालाच्या, म्हणजे सोळा मात्रांच्या तालाच्या, टाळ्या चालू होत्या आणि नवव्या मात्रेला पंजा बरोबर उलटा पडत होता, एकदाही चुकला नाही, बाहेर एवढा पाऊस असताना. मी तिला वर्गाचा ताल धरायला पुढे बसवलं. गाणं तिने पुढे बऱ्याच दिवसांनी सुरू केलं, पुष्कळ खालच्या पट्टीत, पण केलं. त्या दिवसापासून शेवटच्या पाच मिनिटांत मी पेटीमागे बसत नाही, वर्गात फिरते. तुम्ही पण फिरा, ५२ मुलांत अशी दोन-तीन तरी सापडतील.

प्रश्न: मी गंगापूर रोडला गायन-तबल्याचा क्लास घेतो. मुलं हातावर तीनताल देतात, मात्रा मोजतात, पण ठेका (तालाचे ठरलेले बोल) ऐकून "खाली", म्हणजे टाळीऐवजी हात उलटा करायची मात्रा, कुठे ते विचारलं की निम्मी मुलं दहाव्या मात्रेला हात करतात. इतक्यांदा सांगून पण तीच चूक. शेवटी तपासायची दुसरी काही पद्धत आहे का?

उत्तर: सर, तुमच्या मुलांचे कान चांगले आहेत, आधी हे ऐका. आपण बहुतेक ठिकाणी शिकवतो तो ठेका म्हणून बघा, धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. खाली नवव्या मात्रेला, पण नवव्या मात्रेचा बोल धाच आहे, तिथे डग्गा (तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, घुमणारा) वाजतोय. डग्गा बंद होतो दहाव्याला, तेराव्यापर्यंत बंद राहतो आणि चौदाव्याला परत येतो. मुलं डग्गा गेला की खाली आली असं धरतात, आणि त्यांनी जे ऐकलं ते बरोबरच ऐकलं. चुकलंय एवढंच, की खाली ही जागा आहे, हाताने दाखवायची आणि मनात धरायची, ती प्रत्येक तालात डग्ग्याच्या आवाजावरून हुडकता येत नाही, हे त्यांना कोणी फोडून सांगितलेलं नाही. हाच प्रश्न झपतालात विचारून बघा, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना, तिथे सहाव्या मात्रेला खाली आणि डग्गाही तिथेच जातो, मुलं पटकन बरोबर सांगतील. आणि रूपकात तर समेलाच, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेलाच, खाली, तिथे परत गडबडतील. हे तीन ताल एकापाठोपाठ ऐकवून "डग्गा कुठे गेला आणि खाली कुठे आली, दोन्ही वेगळं सांगा" असं विचारलं की एका तासात गाठ सुटते. एखादी चूक अर्धा वर्ग एकसारखी करत असेल तर ती मुलांची नसते, त्यामागे काहीतरी कारण असतं आणि ते शोधायचं काम आपलं.

तपासायचं म्हणाल तर मला सगळ्यात आवडणारा प्रकार म्हणजे ठेका मधेच थांबवणं. तुम्ही तबल्यावर तीनताल वाजवताय, मुलं ऐकतायत, मोजायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत. तीन-चार आवर्तनांनंतर कुठेतरी थांबा, समजा अकराव्या मात्रेवर, आणि मनातल्या मनात पुढे चालू ठेवायला सांगा, सम आली की एक टाळी. वर्गाची टाळी एकदम पडली तर काम झालं, पाऊस पडल्यासारखी पडली तर उद्या परत. याला एक मिनिट पण लागत नाही. लय आधी मध्य ठेवा, विलंबित लगेच नको, त्यात मोठी माणसं पण चुकतात.

दुसरं, ठेका नवव्या मात्रेपासून म्हणायला लावा. धा तिं तिं ता पासून सुरू करून परत नवव्यालाच यायचं. ज्याला ठेका नुसता पाठ आहे तो तिथेच अडतो, ज्याला समजलाय तो जरा थांबून का होईना पण म्हणतो. आणि एक, तुमच्याकडे गणपतीत ढोल पथकात वाजवणारी मुलं असतील, आपल्याकडे नाशिक ढोलच्या गावात ती असणारच, त्यांच्या हातात लय इतकी पक्की असते की बघत राहावं, पण त्यांना सम हा शब्द अनोळखी वाटतो. त्यांना विचारा, सगळा ताफा एकदम पडतो तो ठोका कुठला? ते क्षणात दाखवतील, मग सांगा की ही तुझी सम.

प्रश्न: मी तास संपताना मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेते, "आज काय शिकलो" अशा. एका ट्रेनिंगमध्ये एक्झिट टिकीट म्हणून सांगितलं होतं. पण ५० चिठ्ठ्या घरी नेऊन वाचायला वेळ होत नाही आणि सगळ्यांवर लिहिलेलं असतं "आज आम्ही राग शिकलो, मजा आली". याचा उपयोग काय? (नाशिकरोडहून एक शिक्षिका)

उत्तर: उपयोग आहे, प्रश्न बदलला तर. "काय शिकलो" याचं उत्तर फळ्यावर लिहिलेलंच असतं, मूल तेच उतरवून देतं. चिठ्ठीवरचा प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर फळ्यावर नाही आणि ऐकल्याशिवाय देता येत नाही.

उदाहरण देते. परीक्षा देणाऱ्या मुलांना भूपची माहिती घडाघडा येते, थाट कल्याण, म नी वर्ज्य, वादी म्हणजे मुख्य सूर गंधार, संवादी म्हणजे त्याच्या खालोखालचा धैवत. देसकार रागाची पण येते, थाट बिलावल, म नी वर्ज्य, वादी धैवत, संवादी गंधार. दोन्हीत सूर तेच पाच. आता तास संपताना तुम्ही त्याच पाच सुरांचे दोन तुकडे म्हणा, एक ग वर येऊन थांबणारा, खालच्या अंगात फिरणारा, आणि एक वर ध ला धरून राहणारा, आणि चिठ्ठीवर फक्त एवढंच लिहायला सांगा, पहिल्यात मी कुठल्या सुरावर थांबले, दुसऱ्यात कुठल्या. दोन अक्षरं. ज्याने ग, ध लिहिलं त्याला वादी स्वर म्हणजे काय ते कानाने कळलं, मग व्याख्या त्याला कधीही पाठ करता येईल. ज्याला व्याख्या येते आणि ग ऐकू येत नाही त्याचं मला जास्त वाटतं, कारण परीक्षेत तो पास होणार आणि कोणाच्या लक्षातच येणार नाही.

दोन अक्षरांची चिठ्ठी वाचायला लागत नाही, नजर टाकली की झालं. दारात उभं राहून घ्या आणि हातातच तीन गठ्ठे करत जा, बरोबर, अर्धं बरोबर, चूक. मुलं बाहेर पडेपर्यंत तुमचं काम झालेलं असतं, घरी काही न्यायचं नाही. नाव लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी सुरुवातीला बिननावाच्या घ्यायचे म्हणजे कोणी घाबरत नाही, रुळल्यावर नावं. आणि मग सगळ्यात मोठा गठ्ठा ज्याचा, त्याप्रमाणे पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं. चुकीचा गठ्ठा मोठा असेल तर तेच परत शिकवायचं पण तसंच नाही, दुसऱ्या वाटेने. पुढचा तास जर त्या गठ्ठ्यांमुळे काहीच बदलणार नसेल तर मग चिठ्ठ्या घेऊच नका, तेवढ्या वेळात एक बंदिश जास्त म्हणून होईल.

नोटेशनची, म्हणजे स्वर लिहून घ्यायची, चिठ्ठी घेत असाल तर एक सावधगिरी. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, आणि पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र (खालचं), तार सप्तकाला तिथे उभी रेघ असते. दोन्ही पद्धती आपल्याकडे चालतात, मुलं एका क्लासमधून दुसऱ्या क्लासमध्ये जातात, त्यामुळे एखाद्याने वरचा सा खाली लिहिला म्हणून लगेच चूक देऊ नका, आधी विचारा तू आधी कुठलं पुस्तक वापरत होतास. माझ्याकडे एका मुलाचं असं पूर्ण एक महिना उलटं चाललं होतं, गायचा बरोबर आणि लिहायचा उलटं, आणि मी त्याला निष्काळजी म्हणत राहिले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न: माझी मुलगी दोन वर्षं गाण्याच्या क्लासला जाते. मला गाण्यातलं काही कळत नाही. "आज काय शिकवलं?" विचारलं की "तेच" म्हणते. तिला येतंय का हे मी कसं समजून घेऊ? (इंदिरानगर)

उत्तर: तिला म्हणा मला शिकव. खरंच शिका पण, तुम्हाला येत नाही हेच इथे उपयोगाचं आहे. स्वयंपाक करता करता म्हणा, ते सा रे ग कसं म्हणतात मला एकदा दाखव. दुसऱ्याला दाखवताना तिचं स्वतःचं कुठे पक्कं आहे आणि कुठे ती चाचपडतेय ते तिलाच कळतं, आणि तुमचा सूर चुकला तर ती लगेच सांगते का बघा, "आई असं नाही, वर" असं म्हणाली तर तिचा कान तयार होतोय असं खुशाल समजा. महिन्यातून एकदा तीच एक बंदिश मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, अर्ध्या मिनिटाची, तानपुरा ॲप लावून, आणि चार महिन्यांनी दोघी मिळून ऐका. नातेवाईक आले की "म्हणून दाखव" मात्र नको, निदान तिने स्वतःहून म्हटल्याशिवाय नको.

प्रश्न: ऑनलाईन शिकवताना शेवटी तपासायचं कसं? सगळ्यांनी एकदम म्हटलं की नुसता गोंधळ ऐकू येतो.

उत्तर: आवाज पोचायला उशीर लागतो म्हणून एकत्र म्हणणं, ठेक्यावर धरणं ऑनलाईन जमतच नाही, त्यासाठी धडपडू नका. पण म्हणूनच तिथे एकेकटं ऐकणं आपोआप होतं, ते वापरा. बाकी सगळे म्यूट, एकाने तुकडा म्हणायचा, आणि बाकीच्यांनी बोटांनी दाखवायचं कितव्या सुरावर चुकला, चुकला नसेल तर मूठ. म्हणजे एक गातो आणि सगळे तपासले जातात. आणि तानपुरा मुलाच्या घरी त्याच्याच फोनवर लावायला सांगा, तुमचा तानपुरा त्याच्यापर्यंत फाटकाच पोचतो.

प्रश्न: आमच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं आहे की या रोजच्या तपासणीचे गुण आकारिक मूल्यमापनात धरा, नाहीतर मुलं मनावर घेत नाहीत. योग्य आहे का?

उत्तर: मला नाही वाटत. आकारिकसाठी तुम्हाला काहीतरी नोंद दाखवावी लागणार हे मान्य, त्यासाठी महिन्यातून एक दिवस ठरवून घ्या, मुलांना आधी सांगून. पण रोजची पाच मिनिटं मोकळी राहू द्या. रोजच्या खुणेचे मार्क झाले की मूल चूक लपवायला शिकतं, पक्क्या मुलाशेजारी जाऊन बसतं, डोळे किलकिले करून बघतं, आणि मग आपल्याला जे कळायला हवं होतं तेच कळायचं बंद होतं. सरांना तुमची वही दाखवा, जूनमधल्या खुणा आणि सप्टेंबरमधल्या खुणा शेजारी शेजारी. त्यांना त्यातून गुणांपेक्षा जास्त कळेल.

प्रश्न: ताई, माझं वय ६३. रिटायर झाल्यावर पंचवटीत एका क्लासला जायला लागलो, लहानपणापासून इच्छा होती. शिकवणारे फार चांगले आहेत पण दर तासाच्या शेवटी प्रत्येकाला एकट्याने म्हणायला लावतात, आणि बाकी सगळी विशी-पंचविशीतली मुलं. माझा घसाच कोरडा पडतो, घरी येणारी जागा तिथे येत नाही. क्लास सोडावा असं वाटायला लागलंय.

उत्तर: काका, सोडू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घरी जागा येते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे शिकणं चालू आहे, फक्त ते तिथे त्या क्षणी दिसत नाहीये, आणि चार माणसांत एकट्याने गायचं हे वेगळंच शिक्षण आहे, ते तुम्हाला अजून कोणी दिलेलं नाही. तुमच्या गुरुजींशी तास सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं बोला, ते चांगले आहेत असं तुम्हीच म्हणताय. त्यांना सांगा की काही दिवस मी दोघात म्हणतो, शेजारच्या एका मुलाबरोबर, मग एक ओळ त्याने एक ओळ मी. आणि नंबर शेवटचा नको, पहिला किंवा दुसरा मागून घ्या, वाट बघण्यातच घसा कोरडा पडतो. पूर्ण बंदिश नको, मुखडाच, म्हणजे सुरुवातीचा तुकडाच, म्हणा, समेवर या आणि थांबा.

दुसरं म्हणजे घरी जी जागा येते ती फोनवर रेकॉर्ड करून एकदा गुरुजींना ऐकवा. त्यांना पण कळू दे तुम्हाला काय येतं ते, त्यांच्या तपासणीतून ते निसटतंय. आणि पट्टी विचारून बघा, या वयात आवाज थोडा उतरलेला असतो, बरोबरच्या मुलांची पट्टी तुम्हाला अर्धा-एक सूर वर पडत असेल, आणि तेवढ्याने सुद्धा गळा आवळतो.

शिकवणाऱ्यांनी पण हे पत्र वाचावं म्हणून मुद्दाम छापतेय. एकट्याने म्हणायला लावा, जरूर लावा, पण समोरच्याला किती म्हणायचं, कुठल्या पट्टीत आणि कोणाबरोबर, यातलं एक तरी निवडू द्या. काका, मुखडा घेऊन समेवर आलात की मला परत लिहा, कुठला राग होता तेही कळवा.